त्या दिवशी घरी कोण होते

मी कलावती धोंडबा भोयर, वय ५१, राहणार खुर्सीपार, चौथी पास, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. एकच गोष्ट त्यात बसत नाही. वकिलाने दोन्ही पोरांना समान वाटणीचा कागद करून दिला होता, तो मी फाडला.

१. १९७९ साली नवरा तापाने गेला. तो भिलाईच्या पोलाद प्लांटात कामाला होता. तिसऱ्या दिवशी थोरला नत्थू अस्थी घेऊन दुर्गला शिवनाथ नदीवर गेला. तेवढ्यात प्लांटाच्या ऑफिसचा बाबू आला. "बाई, नवऱ्याच्या जागी प्लांटात घरचा एकच लागेल. पोराची सही पाहिजे." घरी धाकटा ओमप्रकाश होता. त्याने केली. नत्थू अकरावी पास, ओम नववी नापास. थांबा म्हणायचे मला सुचले नाही. घाई हा माझा जुना रोग. नत्थू ओल्या धोतराने परत आला अन् म्हणाला, "बरं झालं माय, एक तरी लागला."

आज दोघे एकाच गेटातून आत जातात. ओम पक्का, नत्थू ठेकेदाराचा. ओमला क्वार्टर, दवाखाना, पोरे इंग्रजी शाळेत. नत्थूची पोरगी चंपा सातवीतून घरी बसली. ओम म्हणतो, "माय, ज्याचं त्याचं नशीब."

"नशीब कायचं रे? सही तर तू केली."

"मंग काय नोकरी सोडू?"

सोड कशी म्हणू? भट्टीपाशी तोही भाजतोच. मग चूक कोणाची? बाबूची, ओमची, का माझी? वकील म्हणतो अर्धे-अर्धे म्हणजे न्याय. एकाचे ताट भरलेले, एकाचे रिकामे, अन् दोघांना एकेक पोळी? मले नाही समजत.

२. कामगारांचे जेवणाचे डबे करून बांधलेले हे घर चंपाचे. नत्थूचे नाही, ओमने मागितले तर तो देऊन टाकील. चंपा सज्ञान होईपर्यंत तिची आई रमा सांभाळील. समोरची खोली भाड्याने द्यावी, पोरीला शाळेत घालावे.

३. शिगडी अन् भात शिजवायचा पितळी गंज रमाला. ओमला बापाचे घड्याळ, बंद आहे. त्याच्या बायकोला, विजयाला, काही नाही. पाहुण्यांपुढे तिने चंपा कामवाली आहे असे सांगितले.

४. माझ्या अस्थी ओमने शिवनाथवर न्याव्या. त्याला पगारी सुट्टी मिळते. नत्थूची बुडालेली रोजी माझ्या पिठाच्या डब्यात ठेवलेल्या पैशातून द्यावी. त्याने त्या दिवशी घरीच बसावे. दारात कोणी पोराची सही मागायला आले, तर या वेळी तो घरी असला पाहिजे.

साक्षीदार: दौलतराव ठवरे, शेजारी. भैयालाल साहू, किराणावाले. दोघांनी वाचले, मग सही केली. मी वाचायला लावले.

सही: कलावती
खुर्सीपार, भिलाई. ११ फेब्रुवारी १९९२