भट्टीचीच आच

घरच्या मालकीणबाईंस सप्रेम,

पुढचं वाचण्याआधी धाकट्याच्या छकुलीला पाळण्यातून उचल आणि खाली निजव. उचललीस? आता वाच.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर मिळतं. आईचा गुडघा कसा आहे?

परवा फोनवर म्हणालीस, धाकट्याने नव्या यंत्रावर पोलादी सळया नरम करून पाळण्याचे हुक वाकवले आणि पहिले दोन लेकीच्याच पाळण्याला लावले. बरं वाटलं. तेवढ्यात मागून त्याचा आवाज आला, "दादाला सांग, भट्टीला ठेवायचो तेवढीच आच ठेवलीय." तेव्हाच शंका आली, पण खात्री नव्हती.

थंडच ओढून बारीक केलेली सळई कडक होते. तापवली की आत नवे कण धरतात आणि ती नरम पडते. भट्टीत ती तासभर शेकते, तिला कमी आच पुरते. हे विजेचं यंत्र डोळ्याचं पातं लवेपर्यंत तापवतं, त्याला आच जास्त लागते, नाहीतर सळई आतून कडकच राहते आणि वाकवताना चिरते.

आज इथल्या कारखान्यातल्या तसल्याच यंत्रावर, भट्टीच्याच आचेवर एक सळई तापवून वाकवली. बारीकसा 'कट' आवाज आला. इथला कारागीर हसला, "काका, कान वाजतात तुमचे." भिंगाखाली धरली, तर वळणावर केसाएवढी चीर. मग त्याचं हसू गेलं.

फोन लागेना, म्हणून हे पत्र तिकडे निघालेल्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. धाकट्याला रागावू नकोस, फक्त विकलेले हुक आजच परत आणायला लाव. आपली छकुली खाली आली. बाकीच्या घरांत पाळणे अजून हलताहेत.

तुझाच,
धाकट्याचा दादा