पॉडकास्टचं लाल बटण

४ जुलै
विभागप्रमुखबाईंनी बोलावलं. एकेकाळी माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी. तिच्या पहिल्या बातमीत मी अकरा चुका काढल्या होत्या, आता मला खुर्ची दाखवते. म्हणाली, पत्रकारितेच्या ऑनलाइन कोर्सला मुलं माझं लेक्चर लावतात आणि निघून जातात. यंदा पॉडकास्ट करा, सोबत क्लिक करता येतील असे नकाशे आणि क्विझ द्या. मुलं टिकली तर पुढचं सत्र माझं, नाहीतर राम राम. एकतीस वर्षं वर्तमानपत्रात घासलेल्या माणसाला ही अट! हसून हो म्हटलं. निवृत्तीनंतर मला सर म्हणणारी एवढीच माणसं उरली आहेत, पण ते तिला कशाला सांगा.
संकल्प : दहा भाग. एकही भाग रटाळ नाही.

६ जुलै
टेक्निशियनचं ट्रेनिंग. वीस मिनिटांत उठलो. ज्याला मथळा आणि मजकूर यातला फरक कळत नाही, त्याच्याकडून मी बटणं शिकायची? हिरवं म्हणजे चालू, लाल म्हणजे थांब. शेंबड्या पोरालाही कळतं. दारापर्यंत मागे मागे येऊन काहीतरी सांगत होता. उथळ पाण्याला खळखळाट फार.

११ जुलै, सकाळी ११
पहिला भाग. बेडरूममध्ये, कपाट उघडं टाकून, माझ्याच शर्टांकडे तोंड करून. म्हणे आवाज घुमत नाही. चष्मा काढून बोललो, विचार मोकळे येतात.
विषय : घटनास्थळी पत्रकार. पूल कोसळला ती सकाळ अशी रंगवली की शर्टांच्या अंगावर काटा आला असेल. हलणारा कठडा, धूळ, माझ्या हातातलं पॅड. तेवढ्यात बायकोची पावलं वाजली. ताबडतोब लाल बटण दाबलं. चहा ठेवून म्हणाली, अहो, त्या दिवशी तुम्ही दाढ धरून घरी झोपला होतात, सगळं फोटोग्राफरने फोनवर सांगितलं. मी तिला तपशील आणि सत्य यातला फरक समजावला. ती म्हणाली, मग बातमीत त्याचं नाव का नव्हतं? मी म्हटलं, तो फोटोग्राफर होता. ती म्हणाली, बरं. हे तिचं ‘बरं’ मला आवडत नाही.
सव्वीस वर्षं इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत बसून प्रश्न विचारायची खोड लागली आहे, दुसरं काय. ती गेल्यावर हिरवं बटण, पुढे चालू.
ऐकून पाहिलं नाही. छापून आलेलंही मी कधी वाचलं नाही. ते वाचकाचं काम.

१९ जुलै
दुसरा भाग. मंत्र्याला मी कसा घाम फोडला. बायको पुन्हा ऐन रंगात हजर. लाल बटण. तिच्या मते मी मुलाखतभर नुसती मान हलवत होतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिला मी शांतपणे सांगितलं की मान हलवणं ही एक शैली आहे. ती म्हणाली, तुम्ही त्याला घाबरला होतात का? एवढंच. दहा मिनिटं मी उत्तर देत होतो.

२ ऑगस्ट
इंटरअॅक्टिव्ह नकाशा केला. पूल, नदी आणि मी उभा होतो तिथे लाल ठिपका. एका मुलीने लिहिलं, सर, ठिपका तुमच्या घरावर हवा ना? नकाशा वाचता येत नाही आणि निघाले पत्रकार व्हायला. आणखी एकाने दाढ कशी आहे म्हणून विचारलं. दाढ काढून वीस वर्षं झाली. पण मुलांचा जीव जडला की ती काहीही विचारतात.

१६ ऑगस्ट
कोण किती ऐकतं त्याचा आलेख आला. चौसष्टपैकी साठ मुलं टिकली! सगळी पहिलं मिनिट ऐकतात आणि थेट चौदाव्यावर उडी मारतात. चौदाव्या मिनिटाला मी रंगात येतो, हे मला आधीपासून माहीत होतं. टेक्निशियनला मुद्दाम आलेख दाखवला. तो नुसता हसला. जळतो.

३ सप्टेंबर
विभागप्रमुखबाईंचा फोन. म्हणाली, सर, हे सगळं ठरवून केलंत? मी म्हटलं, एकेक सेकंद. म्हणाली, स्वतःला असं उघडं पाडायला मोठं मन लागतं. मी नम्रपणे मान्य केलं. पुढचं सत्र खिशात.

२७ सप्टेंबर
सपत्नीक बोलावलं. मला वाटलं सत्कार. नवा शर्ट घातला.
टेक्निशियनने खुलासा केला. लाल बटणाने रेकॉर्डिंग थांबत नाही. तिथे खूण पडते, म्हणजे ऐकणाऱ्याला नेमक्या त्या जागी उडी मारता येते. मग त्याने पहिल्या भागाचं चौदावं मिनिट लावलं. कप ठेवल्याचा आवाज. अहो, त्या दिवशी तुम्ही दाढ धरून...
दहाही भाग. साठ मुलं.
विभागप्रमुखबाई खाली बघत होती. तिला खरंच वाटलं होतं की मी ठरवून केलं. पुढच्या सत्रात ‘प्रश्न कसा विचारावा’ हा विषय असेल, शिकवणार बायको. ती तयार झाली, पण एका अटीवर : तिचं यंत्र मी सांभाळायचं.
 

२८ सप्टेंबर, सकाळी १०
टेक्निशियनचं ट्रेनिंग. शेवटपर्यंत बसलो. तो मला काका म्हणाला.

५ ऑक्टोबर
बायकोचा पहिला भाग. तेच कपाट, तेच शर्ट. पाहुणा म्हणून मलाच बसवलं. मी पुलाचे मुद्दे काढून ठेवले होते, तिने ते बाजूला सारले.
“पूल पडला तेव्हा तुम्ही कुठे होतात?”
ती थांबून राहिली. खिडकीतही अशीच थांबत असणार.
“घरी,” मी म्हटलं. मग फोटोग्राफरचं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट.
आणि लाल बटण दाबलं. त्याने रेकॉर्डिंग थांबत नाही, खूण पडते, हे आता मला माहीत आहे.