शालिग्राम जाग्यावर नव्हता

महाड

प्रिय देवश्री,

माझा फोन तू उचलत नाहीस, आणि उचलावास असं मी काही केलेलंही नाही. म्हणून आमोदबरोबर पत्र धाडतोय. भावावर रागावू नकोस, तो नुसता टपालवाला.

नऊ वर्षांपूर्वी तू पुण्याहून भूशास्त्र शिकून आलीस आणि ऐन पूजेत ताम्हनातला शालिग्राम उचललास. आपल्या घरात बायकांनी त्याला शिवायचं नाही, हे ठाऊक असून. वर म्हणालीस, बाबा, हे चक्र म्हणजे अमोनाइटचा ठसा. पेरिस्फिंक्टिडी कुळातला प्राणी, मासळीबाजारातल्या माकुळाचा लांबचा नातलग, कोट्यवधी वर्षांपूर्वी निर्वंश झालेला. नैवेद्याच्या पानाशी देवाला माकुळाच्या नात्यात बसवलेलं मला सोसलं नाही. शाळेत पस्तीस वर्षं कुणावर हात उगारला नव्हता. पहिली थप्पड घरच्या मुलीला मारली. घराबाहेर हो म्हणालो, आणि तू दुपारच्या एसटीने गेलीस.

मग एकवीस सालचा पूर. मी शहाणा, तुमची प्रमाणपत्रं, घराचे कागद, रेडिओसुद्धा माडीवर नेला आणि देव खालीच विसरलो. पाणी ओसरल्यावर टँकरच्या रांगेत गेलो. परतून बघतो तर देव्हाऱ्यात शालिग्राम जागच्या जागी. चवदार तळ्यापासून पार स्टँडपर्यंत सांगत सुटलो, की पूर आला पण देव हलला नाही. तुझी आई ऐकायची आणि चहा टाकायला आत जायची.

गेल्या आठवड्यात कामाला येणारी रंगूबाई बोलून गेली, ‘देव कुठला जाग्यावर, परसात चिखलात व्हता. मी नि वैनी सकाळपासनं गाळ चिवडत व्हतो. वैनींच्याच हाताला लागला.’ आईला विचारलं. म्हणाली, सांगितलं असतं तर मलाही घराबाहेर काढलं असतंत. तेही हसत म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारानंतर तिला असं वाटावं, याची मला फार लाज वाटते.

परवा ती तुझ्याशी फोनवर बोलली, तेव्हा उशीला टेकून आवाज सावरला होता. तिचं पोटातलं दुखणं हाताबाहेर गेलंय. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. काल मी शालिग्रामावरचं तीर्थ तोंडाशी नेलं तर तिने ओठ मिटून घेतले. देवूने देवाला अंघोळ घालून दिलं तरच घेईन, म्हणाली. मी आज पूजा केलेली नाही. मला क्षमा करायची घाई नाही, ती जन्मभर केली नाहीस तरी चालेल. आमोदने गाडी आणलीय. आहेस तशी नीघ.

तुझाच अपराधी,
बाबा