हिवरावरचा सोंड्या

नागपूर, १२ सप्टेंबर १९७३

ती. रुपरावदादांस मनोहरचा साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं इथे बरे आहोत. तुम्ही गुडघ्यांना रोज तेल लावत असाल, असं प्रेमिला धरून चालली आहे. (तिच्या भावाचे गुडघे, तिला माहीत.)

पत्राचं कारण दुःखाचं आहे. पोळ्याला मौद्याला आलो तेव्हा तुमच्या बांधावरच्या हिवराच्या झाडावर मला एक सोंड्या किडा सापडला होता. तुरीच्या दाण्याएवढा, हिरव्या झाकेचा, पुढे लांब सोंड. (गव्हातल्या सोंड्यांचा हा भाऊबंद. धान्याला तोंड लावत नाही असं मी शपथेवर सांगितलं, तरी प्रेमिलाने डबी स्वयंपाकघराबाहेर ठेवायला लावली.) इथल्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, हा कुठल्याच पुस्तकात नाही, सोमवारी घेऊन या, याला नाव देऊ, सुचवायचा मान तुमचा.

नाव प्रेमिलाने सुचवलं. तीस वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. (लुगडी सोडून.) म्हणाली, "माह्या बाबाचं नाव द्या. त्याच हिवराखाली बसून जेवत होते ते." मला भरून आलं. सातबाऱ्यावरून गेलेलं तुमच्या वडिलांचं, दादाजींचं नाव आता छापील पुस्तकात येणार होतं.

रविवारी डबी उघडली तर सोंड्या पाय आखडून उताणा. फुंकर मारली, काडीने हलवलं, काही नाही. सासऱ्यांचं नाव लावणार होता तो जीव, उकिरड्यावर कसा टाकायचा? प्रेमिलाने मला आधी आंघोळ करायला लावली. मग तुळशीच्या कुंडीत पानावर ठेवून दोन अक्षता वाहिल्या. मी त्या दिवशी दाढी केली नाही.

सोमवारी प्राध्यापकांना ही बातमी जड मनाने सांगितली. ते म्हणाले, हात लागला की हे किडे मेल्याचं सोंग घेतात. आणि खरंच मेला असता तरी चाललं असतं, टाचणीला मेलेलाच लावतात. मी शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे, दादा. धावत घरी आलो. पानावर नुसत्या अक्षता होत्या.

आपला,
मनोहर

ता. क. तुमच्या कौसल्याच्या लग्नाच्या सरपणासाठी तो हिवर याच आठवड्यात पाडणार, असं तुम्ही कळवलं होतं. कृपा करून पाडू नका. त्यावर अजून सोंडे असतील. सरपण मी इथून पाठवतो.

दुसरा ता. क. (प्रेमिलाच्या हातचा) दादा, डाकेले दोन दिवस लागतात, म्हणून हे पत्र घेऊन मीच येऊन राहिली. वहिनीजवळ देऊन सरळ वावरात जाईन. तू वाचत असशीन तवा मी हिवराखाली बाबाच्या जागेवर बसली असन. कुऱ्हाड घरीच ठेव अन् जेवाले तिथंच ये.