मशीनचं दार

रविवार, दुपार

ती. बाबांना,

नमस्कार. मी नीट पोचले. गाडीत बसायला जागा मिळाली, तुम्ही बळेच दिलेली चादर कामाला आली. उद्यापासून माझ्या वर्गात नवी मुलं येणार आहेत, त्यामुळे फळा सजवून ठेवलाय.

फोनवर हे बोलवेना, म्हणून पत्र. तुम्ही म्हणाल, "शिकलेल्या पोरीला बोलायलासुद्धा कागद लागतो!" लागतो, बाबा.

विषय कपडे धुण्याच्या मशीनचा आहे. ते बिघडलेलं नाही. त्याला येणारा कुबट वास बुरशीचा आहे. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये दाराच्या रबराच्या घडीत पाणी साचतं. दार बंद राहिलं की ते वाळत नाही आणि बुरशी धरते. म्हणून धुणं झालं की ती घडी बोटाने उलगडून कोरड्या फडक्याने पुसायची. पावडरचा कप्पा बाहेर ओढून ठेवायचा, पावडर बेताची घालायची, खालची जाळी साफ करायची. अधूनमधून रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवायचं. आणि दार उघडं ठेवायचं.

माझ्या पगारातून मशीन आलं तेव्हा मी पुस्तिकेतलं हे सगळं तुम्हा दोघांना समोर बसवून वाचून दाखवलं होतं. आई म्हणाली, "आता परीक्षापण घेणार का गं आमची?" पण दार उघडं ठेवायला ती शिकली. तुम्ही मात्र येता-जाता ते लावायचात. "दार लावा, माल खराब होतो!" उभा जन्म शीतगृहाच्या नोकरीत गेला तुमचा, उघडं दार तुम्हाला बघवतच नाही. ती उघडायची, तुम्ही लावायचात. मी कायम तिच्या बाजूने.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

तुम्ही बादलीत कपडे धुताय हे मी घरी आल्या आल्याच पाहिलं. "मशीन बंद पडलंय," म्हणालात. मी बघायला गेले तर "राहू दे, राहू दे" करत मध्ये आलात. काल तुम्ही दूध आणायला गेलात तेव्हा मी दार उघडलं.

आत आईचा राखाडी स्वेटर होता. नीट घडी घातलेला. न धुतलेला. दवाखान्यात आत नेण्याआधी तिने काढून तुमच्या हातात दिला होता, तोच.

मला कळलं, बाबा. आपल्या घरात इतकं घट्ट बसणारं दुसरं दारच नाही. रबराचं, तुमच्या शीतगृहासारखं. तिचा वास टिकावा म्हणून तुम्ही तो तिथे ठेवलात.

पण शीतगृहात थंडी माल राखायची. इथे नुसता ओलावा कोंडतो. एका बाहीवर काळे ठिपके पडलेत. मी स्वेटर नाकाशी धरला. गळ्यापाशी अजून ती आहे, थोडीशी. बाकी सगळी बुरशी. तेवढ्यात जिन्यात तुमची चप्पल वाजली आणि मी तो होता तसा ठेवून दार लावलं. तुम्ही विचारलंत, "चहा टाकू?" मी म्हटलं, "टाका."

तो बाहेर काढा, बाबा. लगेच धुवू नका. खिडकीजवळच्या खुर्चीवर, वाऱ्याला पसरून ठेवा. वास जाईल. मी खोटं सांगणार नाही, हळूहळू तो जाणारच. पण स्वेटर तरी राहील. मी आले की ठिपके काढू. थंडीत अंगात घाला. तुम्हाला तो आखूड होईल, ती पोट धरून हसली असती.

मग मशीन पुसा, गरम पाण्यावर एकदा चालवा आणि कपडे त्यातच धुवा. तुमचे हात भेगाळलेत, तेही मी पाहिलंय.

सवयीने तुमचा हात दाराकडे जाईल. आता तुम्ही लावलेलं दार मागून येऊन उघडणारं कुणी नाही. म्हणून ते लावू नका. एवढ्या एका भांडणात तिला जिंकू द्या.

तुमची,
आईच्या बाजूची मुलगी