बुढ्यानं केलेला पूर्वेचा दरवाजा

ता. ४ जाने. १९३१, रवि.
नवीन पाद्रीसाहेबाची पहिली प्रार्थना. सकाळचं ऊन दारातून थेट त्याच्या डोळ्यात. वाचता वाचता थांबला. म्हणे, देवळाचं तोंड उलटं आहे; वेदी पूर्वेले पाहिजे, दरवाजा पश्चिमेले. त्याले आज समजलं! आमच्या बुढ्यानं लुथरन मिशनचं हे लाकडी देऊळ उभं केलं तवाच जुन्या साहेबानं कपाळ धरलं होतं. बुढा म्हणे, "मावळतीले दार कोण ठेवते, साहेब?" तो हसला. राहू दिलं.

ता. ११, रवि.
गावात आपली ख्रिस्ती घरं थोडीच राह्यली, बाकीचे अमडापूरले गेले. म्हणून देऊळ उकलून तिकडं नेणार. काम कोणाले? माह्याच शमूले. बापासारखा सुतार झाला, पण तोंड बापाचं नाही घेतलं. "हो साहेब" म्हणून मोकळा.
जेवताना विचारलं, "काऊन बे, बापाचं काम मोडाले तूच सापडला?"
"माय, दुसरा फळ्या फोडीन. मी काढल्या तर अख्ख्या निघतीन."
खरं बोलला. म्हणून जास्त राग आला.

ता. १९, सोम.
देवळाच्या छपरावरचे कवेलू उतरले.
बुढ्याले दारासमोरच पुरलं आहे. दर रविवारी मी उंबरठ्यावर बसते, एक कान आत, एक डोळा त्याच्याकडं. जिता होता तवा घडीभर जवळ टेकला नाही. आता बरा गुमान पडून राह्यते. अमडापूर माह्या पायानं होत नाही.

ता. २४, शनि.
भिंती गेल्या.
"तिकडं दरवाजा कोण्या अंगाले?"
"पश्चिमेले, माय. साहेबानं सांगतलं."
मी जेवली. भूक लागते, तिले काय करू.

ता. २५, रवि.
उंबरठा तेवढा राह्यला. कुठूनही जाता आलं असतं, तरी त्याच्यावरूनच आत गेली. आत म्हणजे मोकळं रान. वेदीच्या जागी उभी राहून आठवली तेवढी प्रार्थना म्हटली. ऊन डोळ्यात जाते, साहेब खोटा नव्हता. पण त्या उजेडात दाराकडून कोणी येऊन राह्यलं असं वाटलं, बुढ्यासारखं.
शमू आला. "माय, उंबरठाही न्याचा. उद्या गाडी जाते."
"तिकडं दार पूर्वेले ठेव, मंग ने."
"साहेबाले कोण सांगीन?"
"तुले तोंड नाही का?"
डोकं खाजवत गेला.
उद्या सकाळीच जाऊन उंबरठ्यावर बसते मी. तो पहार घेऊन येईनच. साहेबही येईन. पाहू, पोरगं मले उठ म्हणते, का साहेबाले दार पूर्वेले ठेवाले सांगते.