सहीनंतरचा डबा

सर, आपल्या दोघांची तक्रार एकच आहे. ज्याला हाक मारली, त्याने ओ दिली नाही. तुम्हाला तुमच्या देवाने दिली नाही आणि मला तुम्ही.

रहिमतपूरच्या शाळेत तुम्ही मला शिकवलंत आणि पुढे तिथेच मास्तर म्हणून घेतलंत. मधल्या सुट्टीत आपण एका बाकावर जेवायचो. डब्याचं झाकण काढण्याआधी तुम्ही डोळे मिटून क्षणभर येशूची प्रार्थना करायचात. बाकीचे मास्तर चेष्टा करायचे, "आवं सर, भाकरी पळून चालली!" एकदा तुम्ही जुन्या जपानातल्या एका पाद्र्याची गोष्ट सांगितलीत. तो माळ्यावर पेंढ्यात लपलेला, आणि खाली अंगणात सरदाराची माणसं एकेका गावकऱ्याला, धर्म सोडल्याची खूण म्हणून, ख्रिस्ताच्या चित्रावर पाय ठेवायला लावतायत. हा बाहेर आला, तर आसरा देणारं घर जाळणार. तो गप्प राहिला. मी म्हणालो, "भित्रा!" तुम्ही म्हणालात, "कुणापायी भ्याला, ते बघ की रं."

वर्षभरात सर पोरं बाटवतात अशी आवई उठली. चेअरमननी सभा बोलावली. "शाळेत प्रार्थना करनार न्हाई, असं लिहून द्या. न्हाईतर तुमी वसतिगृहात आणलेली पोरं उद्या आपापल्या घरी." तुम्ही सही केलीत. मी भर सभेत उभा राहिलो, "एवढ्यावरच देव सोडलात, सर?" टाळ्या पडल्या. माझं पहिलं भाषण तेच. दुसऱ्या दिवशी तुम्ही उघड्या डोळ्यांनी डबा उघडलात आणि रोजच्यासारखी निम्मी चटणी माझ्याकडे सरकवलीत. त्या सभेबद्दल तुम्ही मरेपर्यंत एक शब्द काढला नाहीत. वसतिगृह मात्र चालू राहिलं.

आता मी गावोगाव श्रद्धेच्या स्वातंत्र्यावर बोलतो. गेल्या महिन्यात सांगलीत त्या पाद्र्याची गोष्ट सांगितली. व्यासपीठावरून खाली उतरल्यावर आष्ट्याच्या एका म्हाताऱ्याने हात धरून विचारलं, "असा मानूस तुमी सोता कवा बघितलाय का वो?" मी म्हणालो, "नाही." का म्हणालो, ठाऊक नाही. तिथे ना चेअरमन होते, ना कुणाचं घर जळणार होतं.

तुमच्या पत्नी, आमच्या बाई, अजून वाईला राहतात. हे पत्र त्यांच्या पत्त्यावर टाकता येईल, टाकणार नाही. त्या वाचतील, याची भीती वाटते.

सर, आता तरी मला रागवा.